इंजिनाची श्वासनळी

मोटारीच्या इंजिनांतील ‘इनटेक मॅनिफोल्ड’ नांवाच्या भागाविषयीं कौटुंबिक मासिकांत कोणी लिहूं लागलें, तर कित्येक वाचकभगिनी पान उलटतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु सन २०१८ च्या उन्हाळ्यांत पांच महिने आमच्या घरांत ह्या वस्तूवांचून दुसरा विषय नव्हता. आज भाजी कोणती करावी हा प्रश्नसुद्धां तिच्या मागून येत असे. शिवाय ज्या गृहिणीनें आयुष्यांत एकदां तरी चुलीचें धुराडें साफ केलें आहे, तिला ह्या विषयांतील निम्में मर्म आधींच ठाऊक आहे. तेव्हां थोडा धीर धरावा, एवढी विनंती करून आम्ही आरंभ करतों.

इंजिन श्वास घेतें. सिलिंडरांत दट्ट्या खालीं सरकला कीं बाहेरची हवा आंत ओढली जाते. ही हवा एका तोंडानें घ्यावयाची आणि चार, पांच किंवा सहा सिलिंडरांना सारखी वांटून द्यावयाची, हें काम ज्या ओतीव नळीकडे असतें, तिचें नांव इनटेक मॅनिफोल्ड. आमच्या कारखान्यांतील कामगार नुसतें ‘मॅनिफोल्ड’ म्हणत. संस्कृतांतून नवा शब्द घडविण्याची हौस आम्हांस नाहीं. ‘श्वासनळी’ म्हटलें म्हणजे ह्या लेखापुरतें भागेल.

पेट्रोलच्या इंजिनांत ह्या नळीच्या तोंडाशीं एक झडप असते. चालकानें पाय उचलला कीं झडप मिटते, इंजिन गुदमरल्यासारखें हवा ओढूं लागतें, आणि नळींत अर्धवट पोकळी उत्पन्न होते. ही ओढ फुकट मिळते, म्हणून मोटारी बनविणारांनीं तिला ब्रेकच्या कामास जुंपलें. ब्रेक दाबतांना आपल्या पायाचा जोर वाढविणारा जो डबा असतो, तो ह्या ओढीवर चालतो. डिझेलच्या इंजिनास अशी झडप नसते. हवेवर चालणारा गव्हर्नर असलेलीं जुनीं इंजिनें सोडलीं, तर डिझेलला हवा नेहमीं पोटभर मिळते, आणि वेग कमीजास्त होतो तो फवारल्या जाणाऱ्या तेलाच्या मापानें. म्हणून डिझेलच्या श्वासनळींत ओढ अशी नसतेच. त्यावर टर्बो बसविला तर गोष्ट पार उलटी होते. बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या झोतानें एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून इंजिनांत कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं पेटंट केली. अशा इंजिनाच्या श्वासनळींत ओढीच्या ऐवजीं दाब असतो. हा भेद वाचकांनीं मनांत ठेवावा. पुढें त्याच्यावर एक प्रसंग यावयाचा आहे.

आमची कन्या पशुवैद्य आहे. मुंबईस परळच्या महाविद्यालयांत पदवी घेऊन ती अमेरिकेस गेली, तेथील परीक्षा दिल्या, आणि कोलोरॅडो राज्यांत रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर, सुमारें आठ हजार फूट उंचीच्या एका लहानशा गांवीं स्थायिक झाली. आसपास गुरांचे मोठमोठे मळे. फेब्रुवारी-मार्चांत गाई वितात, आणि गाईला अडचण यावयाची ती नेमकी मध्यरात्रीं, बर्फ पडत असतांना. अशा वेळीं जाण्यासाठीं तिच्यापाशीं १९७९ सालची ‘सीजे-७’ जातीची जीप होती. तिच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाचें हेड तडकलें, आणि नवी गाडी घेण्याइतके पैसे शिक्षणाच्या कर्जामुळें हातीं नव्हते. अशा वेळीं एका मळेवाल्यानें थकलेल्या फीच्या बदल्यांत आपल्या अंगणांत पडून असलेली १९८३ सालची एक मर्सिडीझ मोटार तिला देऊं केली. गाईच्या बाळंतपणाचे पैसे मोटारीच्या रूपानें फिटावेत, हा व्यवहार आमच्या सौभाग्यवतींस मुळींच पटला नाहीं.

आम्ही उभयतां तेथें गेलों तें, खरें सांगावयाचें तर, तिला परत आणण्याविषयीं बोलावयास. मुलगी एकोणचाळीस वर्षांची, एकटी राहणारी, रात्रींअपरात्रीं बर्फाच्या घाटांतून जाणारी. आईच्या जिवाला स्वस्थता कोठून असणार? पुण्यांत पाळीव कुत्र्यामांजरांचे दवाखाने थोडे का आहेत, हें सौभाग्यवतींचें वाक्य विमानांतच तयार झालें होतें. परंतु पहिल्याच सकाळीं कन्येनें चहाचा पेला हातांत देऊन आम्हांस पडवीमागच्या शेडमध्यें नेलें, आणि तें वाक्य तसेंच राहिलें.

मोटारीचा पत्रा गंजून चाळण झाला होता. परंतु इंजिन पाहून आम्हांस जुना स्नेही भेटल्यासारखें वाटलें. तें होतें मर्सिडीझचें ‘ओएम ६१७’ ह्या नांवाचें, पांच सिलिंडरांचें, टर्बोचें डिझेल इंजिन. ह्याचें चार सिलिंडरी धाकटें भावंड ‘ओएम ६१६’ हें जर्मन परवान्यानें आपल्या आकुर्डीस बजाज टेम्पोच्या, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सच्या, कारखान्यांत बनत असे, आणि ट्रॅक्स व ट्रॅव्हलर ह्या गाड्यांतून साऱ्या महाराष्ट्रानें त्याचा आवाज ऐकलेला आहे. दोहोंच्या सिलिंडरांचा व्यास ९०.९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९२.४ मिलिमीटर, चारांचें घनफळ २३९९ घनसेंटिमीटर, पांचांचें २९९८. टर्बोचें हें इंजिन मर्सिडीझनें १९७८ सालीं ‘३०० एसडी’ ह्या मोटारींत घालून विक्रीस आणलें, आणि विक्रीची पहिली टर्बो-डिझेल प्रवासी मोटार म्हणून तिची नोंद आहे. त्याच वर्षीं ह्या घराण्याचें इंजिन बसविलेली ‘सी १११’ ही प्रायोगिक मोटार इटलींतील नार्दो येथील वर्तुळाकार धांवपट्टीवर ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें तासन्‌तास पळविण्यांत आली. शेडमधील इंजिनाची मूळ शक्ति सुमारें १२० घोड्यांची. पिंपरी-चिंचवडकडील एका कारखान्यांत इंजिनें तपासण्याचें काम आम्ही अठ्ठावीस वर्षें केलें; आमच्या हाताला अशा इंजिनाचा प्रत्येक बोल्ट ओळखीचा होता. कन्येस हें ठाऊक होतें. तिनें आम्हांस शेड आधीं दाखविली, घर मागून, ह्यांतील हेतु आमच्या ध्यानांत आला नाहीं असें नाहीं.

टर्बोच कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर उंचींत आहे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट. म्हणजे ज्या उंचीवर आपण देवीचें दर्शन घेऊन दम खातों, जवळजवळ त्या उंचीवर त्या लोकांची राजधानी वसली आहे. तेथून पश्चिमेस येतांना आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो ११,००० फुटांच्याही वर. कन्येस औषधें आणावयास महिन्यांतून एकदां तरी ह्याच वाटेनें डेन्व्हरला जावें लागे. बोगद्यापाशीं हवेचा दाब समुद्रकांठच्या दोनतृतीयांश. साधें डिझेल इंजिन तेथें हवेवांचून काळा धूर ओकतें आणि चढाला मान टाकतें. ह्या इंजिनाचा टर्बो बाहेरच्या दाबावर दर चौरस इंचास सुमारें अकरा पौंडांची भर घालतो. समुद्रकांठीं १४.७ आणि ११ मिळून २५.७, बोगद्यापाशीं ९.७ आणि ११ मिळून २०.७. कांहीं उणें पडतें खरें, पण नुसत्या ९.७ वर भागविण्यापेक्षां तें कितीतरी बरें.

इंजिन जीपमध्यें बसविण्यास लागणारी गिअरबॉक्सची जोडपट्टी तेथें तयार विकत मिळते. तो भाग पैशानें सुटला. अडलें तें श्वासनळीपाशीं. ह्या इंजिनांत आंत येणाऱ्या हवेची नळी व बाहेर जाणाऱ्या धुराची नळी एकाच बाजूस, उजवीकडे, एकीखालीं एक अशा आहेत. टर्बोंतून निघालेली हवा उलट्या ‘यू’च्या आकाराच्या आंखूड नळीनें वर येऊन श्वासनळींत शिरते. मर्सिडीझच्या लांबरुंद बॉनेटखालीं हें सर्व ऐसपैस मावतें. जीपचें बॉनेट मात्र सपाट आणि आटोपशीर.

आतां उमेदवार पाहूं. पहिली अर्थात् मूळची ओतीव ॲल्युमिनियमची नळी. टर्बो नसलेल्या इंजिनाची एक नळी कोणीशी सुचविली होती. परंतु टर्बोची ‘यू’ नळी तिला जोडावयास जागाच नाहीं, म्हणून तिचा विचार चहा संपण्यापूर्वींच संपला. तिसरी नळी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं पत्रा कापून, जोडून, स्वतःच्या हातानें बनविली होती. हे गृहस्थ आयुष्यभर वेल्डिंगचें काम केलेले. त्यांच्या वेल्डचे टांके इतके सारखे, कीं पैठणीच्या कांठाची आठवण व्हावी. ही नळी ठेंगणी होती आणि तिचें तोंड समोर होतें. त्यामुळें तीन गोष्टी साधतात, असें त्यांचें म्हणणें: बॉनेटला अडत नाहीं, पुढें हवा थंड करणारा इंटरकूलर बसवितां येतो, आणि धुराची काजळी आंत येण्याची वाटच राहत नाहीं.

ह्यांतील दुसरा मुद्दा तोलून पाहण्याजोगा आहे. हवा दाबली कीं तापते. सायकलीच्या पंपाचें बूड हातास चटका देतें, हा अनुभव सर्वांना आहे. समुद्रकांठीं वीस अंशांची हवा अकरा पौंडांनीं दाबली तर टर्बोंतून नव्वद अंशांच्या घरांत तापून निघते, आणि तापलेली हवा विरळ. ती पन्नास अंशांपर्यंत निवविली, तर त्याच दाबांत आठवा हिस्सा हवा अधिक मावते. परंतु ह्या अधिक हवेचा उपयोग अधिक तेल जाळावयाचें असेल तर. पंपाचें माप वाढवावयाचें नसेल तर निव्वळ थंडाव्याखातर एवढा पसारा करण्याचें कारण नाहीं. नळीच्या फांद्यांच्या डौलाबद्दल तरुण मंडळी फार बोलतात, त्याचेंही तसेंच. ह्या इंजिनांत तेल प्रथम एका लहान कोठडींत फवारलें जातें आणि हवेची घुसळण त्या कोठडींत होते. श्वासनळीच्या वळणांनीं तींत फारसा फरक पडत नाहीं. हवा मोकळी यावी, सर्वांस सारखी यावी, एवढें पुरे. आमचें मत मूळ नळीच्या बाजूचें होतें, आणि तें आम्ही पहिल्या आठवड्यांतच सांगून टाकलें. कन्येनें तें ऐकून घेतलें, आणि ती म्हणाली, “बाबा, मोजूं या, मग ठरवूं.” आमच्याच वाक्यानें आमचें तोंड बंद करण्याची ही तिची लहानपणापासूनची खोड.

मूळ नळी प्रथम साफ करणें प्राप्त होतें, आणि येथें धुराड्याची गोष्ट येते. ह्या नळीच्या पुढच्या टोकास एक झडप असते. तिच्यांतून थोडा जळका धूर मुद्दाम परत आंत सोडतात. त्यानें जळणाची आंच उतरते, आणि नायट्रोजनचे विषारी वायु कमी उत्पन्न होतात. दुसरीकडून इंजिनाच्या पोटांतील तेलकट वाफ हवेच्या गाळणींतून ह्याच नळींत येते. काजळी आणि तेल एकत्र आलीं म्हणजे काय होतें, तें फोडणीच्या धुरानें काळ्या झालेल्या स्वयंपाकघरांतील भिंतीस विचारावें. पस्तीस वर्षांचा तो थर डांबरासारखा घट्ट बसला होता. पहिल्या फांदीचें भोक तर तिसऱ्या हिश्शानें बुजलें होतें. सौभाग्यवतींनीं कॉस्टिक सोड्याची सूचना केली. लोखंडाला ती उत्तम. परंतु कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, हें वाचकांनीं घरच्या भांड्यांसाठींही लक्षांत ठेवावें. रॉकेल, लांकडाची चपटी काडी आणि जुने दांतांचे ब्रश, ह्यांवर आम्हीं तीन दिवस काढले. खरवडतांना इंजिनाच्या उघड्या भोकांत चिंधीचे बोळे घातलेले असत. पांच भोकें, पांच बोळे. रोज संध्याकाळीं ते मोजून घेण्याचें काम सौभाग्यवतींनीं आपण होऊन पत्करलें. बोळा आंत राहिला तर काय होतें, असें त्यांनीं विचारलें, आणि उत्तर ऐकल्यावर त्या दोनदां मोजूं लागल्या.

नळीच्या मागल्या टोकास एक पोकळ बोल्ट आहे. दिसावयास क्षुल्लक, पण साऱ्या इंजिनाचा स्वभाव त्याच्या हातीं. नळींत किती दाब आहे, ही वर्दी ह्या बोल्टांतील बारीक भोकांतून निघून एका अरुंद नळीनें तेलाच्या पंपाच्या माथ्यावरील डबीला पोंचते. डबी हा दाब मोजते, बाहेरच्या हवेची विरळता जमेस धरते, आणि त्या मानानें तेल वाढविते. भोक काजळीनें बुजलें कीं डबीला वाटतें, टर्बो निजलेला आहे. ती तेल देईनाशी होते, आणि गाडी चढावर रडूं लागते. ह्या जातीच्या कित्येक मोटारी केवळ ह्या बोल्टापायीं ‘म्हाताऱ्या’ ठरून भंगारांत गेल्या असतील. आमचा बोल्टही पुरता बुजलेला होता. गोधडी शिवावयाच्या दाभणानें तो मोकळा झाला.

मग मोजमापें. बॉनेट आणि नळी ह्यांमध्यें फट किती राहते, हें डोळ्यांनीं दिसत नाहीं, कारण बॉनेट मिटल्यावर पाहणार कोठून? शिल्पकाराची माती नळीवर ठेवून बॉनेट मिटतात आणि मग चेपलेल्या मातीची जाडी मोजतात. माती घरांत नव्हती; पोळ्यांची कणीक होती. घट्ट कणकेचे सात गोळे नळीवर मांडून बॉनेट मिटलें आणि उघडलें. ‘यू’ नळीच्या माथ्यावरील गोळ्याची पुरी झाली होती, जाडी जेमतेम पाव इंच. इंजिन रबरी पायांवर बसलेलें असतें आणि झटक्यासरशीं हलतें. निदान एक इंच तरी मोकळा हवा. शेजाऱ्यांच्या नळीवर तोच गोळा अडीच इंच उभा. शेजारी कांहीं बोलले नाहींत, केवळ हसले. त्या दिवसापुरती बाजी त्यांची होती.

दुसऱ्या दिवशीं कन्येनें व्हर्निअर काढला. वर सांगितलेंच आहे कीं दोन्ही नळ्या एकीखालीं एक आहेत. त्या ज्या बोल्टांनीं आवळतात, ते बोल्ट दोघींना सामाईक. एकेक जाड वॉशर अर्धा हिच्या कांठावर, अर्धा तिच्या कांठावर बसतो. कांठांची जाडी सारखी असेल तरच दोन्ही सारख्या दाबल्या जातात. शेजाऱ्यांच्या नळीचा कांठ एक सोळांश इंच पातळ भरला. म्हणजे वॉशरचा सारा जोर धुराच्या नळीवर जावयाचा आणि श्वासनळीच्या सांध्यांतून दाबलेली हवा फुसफुसत राहावयाची. हा दोष दुरुस्त होण्याजोगा होता, आणि शेजाऱ्यांनीं तो तात्काळ मान्यही केला. चांगल्या कारागिराची ती खूण आहे. ते नळी घेऊन गेले, कांठावर भर घातली, सपाट करून आणली, आणि आपण होऊन ती इंजिनावर तात्पुरती बसवूनही दिली. एवढ्यावर थांबते तर बरें होतें. त्यांनीं नळीस एक जास्तीचें तोटीचें तोंड ठेवलें होतें, आणि जीपच्या ब्रेकच्या डब्याची जुनी रबरी नळी त्या तोंडाला जोडून दिली होती.

पेट्रोलच्या गाड्यांत ती तेथेंच असते. त्यांचा हात सवयीनें तिकडे गेला. त्यांत दुष्टावा किंवा अडाणीपणा नव्हता. परंतु टर्बो-डिझेलच्या नळींत ओढ नाहीं, दाब आहे, हें आरंभीं सांगितलें तें वाचकांनीं आठवावें. डब्याच्या तोंडाशीं उलट वारा रोखणारी झडप असते, तिच्यामुळें डब्यांत दाब शिरला नसता. पण ओढही मिळाली नसती. पहिल्या एकदोन दाबण्यांत उरलीसुरली ओढ संपून ब्रेक दगडासारखा झाला असता. गांवांतल्या सपाट रस्त्यावर तें निभावतें. अकरा हजार फुटांवरून उतरतांना, मागें औषधांचीं खोकीं आणि खालीं बर्फ असतांना, काय होतें त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं.

ही नळी आम्हीं पाहण्यापूर्वीं कन्येनें पाहिली. तिनें ती काढली, इंजिनाच्या पुढच्या अंगास ह्याच कामासाठीं बसविलेला निर्वात-पंप दाखविला, आणि नळी तेथें जोडली. इंजिन बंद करण्याची किल्लीही ह्याच पंपाच्या ओढीवर चालते, हें तिनें शेजाऱ्यांना सांगितलें. त्यांस तें नवें होतें. सौभाग्यवती दारांत उभ्या होत्या. त्यांनीं आम्हांस मराठींत विचारलें, “हें तिच्या लक्षांत आलें नसतें तर?” आम्हीं उत्तर देण्याआधीं कन्याच म्हणाली, “आई, गाडी बाहेर काढण्यापूर्वीं ब्रेक मी दहा वेळां दाबून पाहणार होतें. गाईच्या पोटांत हात घालण्याआधीं तिचे मागचे पाय कोण बांधतो? मीच ना?”

त्या संध्याकाळीं तिनें निर्णय सांगितला: मूळची नळी. आमच्या मतास मान देऊन नव्हे, हें तिनें स्पष्ट केलें. तिचीं कारणें तिचीं होतीं. अमेरिकेंत इंजिन बदलावयाचें तर तें गाडीहून जुनें नसावें आणि त्याच्याबरोबर आलेली धूर-नियंत्रणाची सामग्री काढूं नये, असें तेथील पर्यावरण-खात्याचें धोरण आहे. हौशी लोक ती धुराची झडप सर्रास काढून फेंकतात; शेजाऱ्यांच्या नळींत तर तिला जागाच नव्हती. ज्या बाईला सरकारी परवान्यावर जनावरांचे दाखले सही करावयाचे असतात, तिनें आपल्याच गाडींत कायदा मोडून फिरूं नये, असें ती म्हणाली. (आपल्याकडे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे, नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीवांचून असा बदल करतां येत नाहीं. ज्यांना हौस असेल त्यांनीं आधीं तें वाचावें.) दुसरें कारण आम्हांस अधिक आवडलें. मूळ नळीचा गास्केट, बोल्ट, झडप, जें बिघडेल तें दुकानांत नांव सांगून मिळतें. हातानें बनविलेली नळी बनविणारा असेतोंवर चांगली. आणि शेजारी त्या वर्षीं एक्याऐंशी वर्षांचे होते.

बॉनेटचा प्रश्न मग दुसऱ्या टोकाकडून सोडविला. इंजिनाचे पाय नवे करून तें पाऊण इंच खालीं घेतलें. खालीं पुढचा आंस आणि तेलाचें पात्र ह्यांत फट होती, ती आतां अर्ध्या इंचाहून थोडी अधिक उरली. मूळ हवा-गाळणीचा मोठा डबा नळीवरून काढून बाजूच्या पत्र्यावर वेगळी गाळणी बसविली. त्या डब्याचा आधार धक्क्यानें मोडतो, हा ह्या इंजिनाचा जुना रोगच आहे. परंतु त्या डब्यांत तेलकट वाफेंतील तेल निथळून परत खालच्या पात्रांत जात असे, ती सोय गेली. म्हणून तेल धरणारा एक लहान डबा वाटेंत घातला. हें न करतां कित्येक लोक वाफ तशीच श्वासनळींत सोडतात. तेल फार सांचलें तर डिझेल इंजिन तेंच जाळून आवरेनासें होतें, आणि मग किल्ली काढून घेतली तरी थांबत नाहीं. कणकेचे गोळे पुन्हां मांडले: एक इंच. शेजाऱ्यांची नळी कन्येनें शेडमध्यें खुंटीवर टांगून ठेविली. त्यांना परत दिली नाहीं, विकलीही नाहीं. ते येत तेव्हां त्यांची नजर तिकडे जाई, आणि त्यांना बरें वाटे.

परत येण्याविषयींचें वाक्य सौभाग्यवतींनीं सप्टेंबरांत एकदां उच्चारलें. भांडीं धुतांना, पाठमोरें उभें राहून. कन्या म्हणाली, “ऑक्टोबरांत बोगद्यापर्यंत जाऊं. तूं पुढच्या बाकावर बस. मग सांग.”

गेलों. सौभाग्यवती पुढें, आम्ही मागें खोक्यांशेजारीं. धुराच्या नळींत उष्णतामापकाचा कांटा बसविला होता. तो सातशें अंश सेंटिग्रेडच्या वर रेंगाळूं लागला तर पाय हलका करावयाचा, हें ठरलेलें. चढाच्या मध्यावर तो सहाशें ऐंशीला टेकला. कन्येनें गिअर उतरविला, इंजिनाची गति वाढली, कांटा सहाशें वीसवर आला. धूर मागें फिकट करडा, काळा नाहीं. बोगद्याच्या अलीकडे तिनें गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलें, ‘यू’ नळीच्या सांध्यांवर हात फिरविला, आणि तेल कोठें झिरपत नाहीं हें आईला बोट लावून दाखविलें. सौभाग्यवतींनींही बोट लावलें. मग त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि त्यांनीं पट्टा घट्ट केला. उतरतांना त्यांनीं एकदांच विचारलें कीं ब्रेक दाबून पाहिलास का. दहा वेळां, असें उत्तर मिळालें.

पुण्यास परतल्यावर ह्या विषयावर घरांत पुन्हां बोलणें निघालें नाहीं. दर सहा महिन्यांनीं तो पोकळ बोल्ट काढून साफ करावयाचा असतो. दाभण सौभाग्यवतींनीं तिच्यापाशींच ठेविलें आहे, आणि मार्च व सप्टेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारीं फोन झाला कीं त्या प्रथम तेवढेंच विचारतात.